निधान

पहिल्या दिवशी दोन खांब.
वडगावातल्या शेवटच्या मागाच्या शेडपासून
येळ्ळूर रस्त्याला विजेचे दोन खांब,
आणि तिसऱ्याला मिठी मारून उभी राहिलो
दारुड्यासारखी.

पायात जोतिबाचे बूट.
भरतीत त्याची छाती एका बोटानं कमी भरली,
तो गोव्याला हॉटेलात गेला, बूट खाटेखाली राहिले.
पुढं चिंधी कोंबली, केशरी, मागावरची वाया गेलेली,
आणि साडीखालचे बूट कुणाला दिसू नयेत
म्हणून अंधारातच बाहेर पडलो.

डॉक्टर म्हणाला होता, चाला.
चालतो तर मी रोजच,
कांडी मशीनपासून मागापर्यंत दिवसाला शंभर हेलपाटे.
त्यानं साखर उतरली असती
तर आमच्या गल्लीत कुणाला साखरच नसती.

फोनवर पुण्याची नणंद हसली:
धावलो काय गं? धावले म्हण.
म्हटलं, लग्नाआधी तू बी असंच बोलायचीस.
आधी धावू तरी दे की,
व्याकरण मागनं बघू.

सिद्धाप्पा दूधवाला समोरून यायचा,
सायकलला किटल्या, किटल्यांत पहाट हिंदकळायची.
निधान, अक्का, निधान.
कानडीत ते सावकाश.
मला बरेच दिवस आमचंच निधान ऐकू यायचं,
पुरून ठेवलेलं,
आणि वाटायचं, हा रोज
कुठला हंडा दाखवतोय मला रस्त्यात?

भरतीची पोरं यायची कळपानं.
धुक्यातून आधी बुटांचा आवाज,
मग 'मावशी, बाजूला', मग पाठी.
त्यातला भरमा कायम शेवटी.
तो एकदा माझ्या बाजूनं पळत म्हणाला,
बोलता येतंय तेवढ्याच वेगानं पळ मावशी,
बोलणं तुटलं की चाल.
पण बोलायला कोण होतं?
मी कांड्यांचा हिशेब म्हणायला लागलो मोठ्यानं.
बारा लाल, आठ मोरपंखी,
मालकाकडं येणं साडेतीनशे.
आकडा चुकला की चालायचं.

चार खांब. आठवडाभर चारच.
नडगी ठणकली त्या दिवशी तीन.
मार्गशीर्षात बळ्ळारी नाल्याचा पूल आला,
भात निघालं होतं, ओलीवर मसूर बोटभर.
संक्रांतीला दुसऱ्या किलोमीटरचा दगड.
मधे दिराच्या पोरीचं लग्न, मधे ताप,
मधे नुसता कंटाळा, त्याला कारण नाही.
नऊ दिवस बूट खाटेखाली.
दहाव्या दिवशी निघालो तेव्हा वाटलं, सगळं गेलं.
पुलापर्यंत कळलं, नाही गेलं.
धागा तुटला म्हणून
कोण उभी साडी उसवतं?

आज चौथा दगड.
त्यावरचं गावाचं नाव कुणीतरी फासलंय.
एका नावावर दुसरं, दुसऱ्यावर डांबर,
तळाशी कुठल्या भाषेतलं होतं
आता कळायची सोय नाही.
आकडा तेवढा सोडलाय.
कानडी चार,
आमच्या चारासारखाच दिसतो, थोडा पोट सुटलेला.
मला तेवढाच हवा होता.

दगडाला टेकून बूट काढले.
चिंधी घामानं काळी झालेली, झटकली,
परत कोंबायला गेलो तर पाय मावेना.
या वयात पाय वाढत नसतात,
सुजले असतील, ठाऊक आहे मला.
तरी ती मसुरात फेकून दिली.

राजहंसगडाची कड उजळली
आणि डोक्यात आलं:
परतीचे चार मी कधी मोजलेच नव्हते.
ते नुसते चालत यायचो,
शेजारणीला वाटावं देवळातून आली.
आज तसं जमायचं नाही.
सातला माग सुरू होतात, मालक अर्धा रोज कापतो.

नाड्या बांधल्या.
बारा लाल.
आठ मोरपंखी.