इतिवृत्त

लिओनार्ड हुडॅक पहिल्यांदा निवडणुकीला उभा राहिला
तो स्टॉपच्या एका पाटीसाठी.
ब्रेकर स्ट्रीटच्या कोपऱ्यावर
कोळशाच्या ट्रकनं सायकल चेपली होती –
नुसती सायकल, पोरगं वाचलं –
आणि कौन्सिल म्हणत होतं, पुढच्या वर्षी बघू.
घरोघरच्या भट्ट्या दुरुस्त करणारा माणूस,
नखांत कायमची काजळी.
त्याला वाटलं, एका पाटीला असा कितीसा वेळ लागणार?

चार वर्षं लागली.

मला ठाऊक आहे, कारण इतिवृत्त मी लिहायचे.
इचलकरंजीहून लग्न करून आलेली मी,
टायपिंगच्या परीक्षेत पहिली,
पेनसिल्व्हेनियातल्या या डोंगराळ गावच्या नगरगृहात
ताशी सव्वापाच डॉलरवर.
"श्री. हुडॅक यांनी ठराव मांडला. अनुमोदन नाही."
ही दोन वाक्यं इतक्यांदा टंकली
की बोटं माझ्याआधीच तिथं पोचायची.
कोपऱ्यातला रेडिएटर मध्येच ठणठणायचा,
जणू तोही विरोधात.

मग एका मंगळवारी म्हातारा फॅरेल म्हणाला, सेकंड.
बहुधा डुलकीतून दचकून.
पाटी लागली तेव्हा शिडी लिओनार्डनंच धरली होती.
त्या दिवशी त्याला चटक लागली.
सत्तेची नव्हे. ती नंतर.
कुणीतरी रस्त्यात थांबून "लेन, जरा ऐक" म्हणण्याची.

लोक स्वयंपाकघराच्या दारानं यायचे.
बर्नडीन कॉफी ठेवायची आणि तो
फुप्फुसात कोळसा साचलेल्या बापांचे अर्ज भरायचा,
खोकला किती वर्षांपासून, कुठल्या खाणीत, कुठली पाळी.
त्या टेबलानं त्याला हॅरिसबर्गला पाठवलं,
हिरव्या घुमटाखाली,
भावाच्या मयताला शिवलेल्या तपकिरी कोटात.

सहा वेळा निवडून गेला.
कोट बदलला. मग गाडी.
फोनवर आधी त्याचा मदतनीस बोलू लागला,
आणि गावाला मिळाली नवी कोरी आगगाडी –
म्हणजे आग विझवायची,
माझं मराठी असं अडखळतं हल्ली –
लालभडक, दारावर त्याचं नाव.

ती कशाच्या बदल्यात, ते वास आल्यावर कळलं.
न्यूयॉर्कचा कचरा, आमची रिकामी खाण.
त्यानं होकाराचं बटण दाबलं होतं,
विधानसभेत, रात्री पावणेबाराला.
आता दर चार मिनिटाला एक ट्रक
ब्रेकर स्ट्रीटच्या कोपऱ्यावर यायचा
आणि पाटी होती म्हणून थांबायचा,
ब्रेक किंचाळायचे, खाली काळं पाणी ठिबकायचं,
मग पुन्हा पहिला गिअर.
कोपऱ्यावरच्या मिसेस युर्किननं खिडक्यांना खिळे ठोकले.
सायकल चेपलेलं ते पोरगं आता तिशीतलं,
तेच त्याच्या विरोधात उभं राहिलं.

एकशे एकोणीस मतं.

दोन वर्षं तो कुणाला दिसला नाही.
मग सांडपाणी मंडळाची एक जागा रिकामी पडली.
पगार नाही, अर्ज एकच आला.
आला तेव्हा तपकिरी कोट.
सैल झाला होता, की तो आटला होता.

बैठकीआधी माझ्या टेबलाशी आला.
म्हणाला, "त्यात एवढं घाल,
की लिओनार्ड हुडॅक म्हणाला, माझं चुकलं."
मी म्हटलं, लेन, इतिवृत्तात
काय केलं तेवढं लिहायचं असतं,
काय म्हटलं ते नाही.
नियम मी केलेला नाही.
त्यानं मान हलवली. रागावला नाही.

तेवढ्यात रेडिएटर ठणठणला.
लिओनार्डनं खिशातून पितळी किल्ली काढली –
इतकी वर्षं खिशातच होती? –
गुडघे कटकटवत खाली बसला,
माझा कॉफीचा मग मागितला, खाली धरला,
आणि अडकलेली हवा हळूहळू सोडत राहिला.
पाचही सभासद बघत बसले.

बैठक सात वाजून अकरा मिनिटांनी सुरू झाली.
विलंबाचं कारण
मी लिहिलं.