भरलेलीचा रकाना

मी दुभाषी. माझं काम एवढंच:
काकामेगाहून आलेल्या डॉक्टर नाफुला जे बोलतील
ते इकडच्या कानांत नीट ओतायचं.
सांडायचं नाही, वरून पाणी घालायचं नाही.

पहिल्याच दिवशी सांडलं.
अत-बाशीच्या पुढे, शेवटच्या घरात
टोक्तोसून भिंतीकडे तोंड करून पडलेला,
चुलीत शेण जळतंय, खिडकीत गुडघाभर बर्फ.
डॉक्टर म्हणाल्या, विचार यांना,
शून्य ते दहा, किती दुखतं?
मी विचारलं.
आयुष्यभर मेंढ्या मोजलेला माणूस,
आकड्यांना काही नवखा नव्हता.
तरी बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
सकाळी पहिल्या खिंडीपर्यंत असतं.
दुपारी दुसरी.
रात्री तिसरीही ओलांडतं,
आणि तिथून घोडासुद्धा परत येत नाही.

किती लिहू? चिनारा सिस्टरनं पेन उचललं.
डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी डॉक्टरांकडे.
तिनं लिहिलं: तीन खिंडी.
तो कागद अजून फायलीत आहे.
राजधानीतल्या कुणीतरी त्यावर
लाल शाईनं प्रश्नचिन्ह काढलंय.

नियम असा होता:
मॉर्फिनच्या कुप्या तीन दिवसांच्या.
रिकाम्या परत आणा, मग पुढच्या न्या.
एक जरी कमी भरली तर पोलीस.
म्हणजे दर तिसऱ्या दिवशी सयरानं
नवऱ्याला शेजारणीच्या हवाली करायचं,
दुधाच्या गाडीत बसायचं, मांडीवर रुमाल,
रुमालात काचा, खड्ड्याखड्ड्याला त्यांची किणकिण.
एकदा एक फुटली.
तिनं कण नि कण वेचून आणला.
चिनारानं वहीत लिहिलं, फुटलेली, एक,
आणि तिच्या बोटांना पट्ट्या बांधल्या.

बिश्केकला, मंत्रालयाच्या तिसऱ्या मजल्यावर
चार वर्षांत आम्ही नऊ वेळा बसलो
मामीरकुलोवसाहेबांसमोर.
चहा यायचा. जर्दाळूंची वाटी यायची.
डॉक्टर सांगायच्या, आमच्याकडे हेच औषध
पाण्यात कालवून बाटलीत भरून देतात,
म्हातारी घरीच चमच्यानं घेते
आणि जायच्या आधी दोन सुनांचं भांडण मिटवते.
साहेब म्हणायचे, आणि चोरी झाली तर?
मी इकडचं तिकडे, तिकडचं इकडे.
सरकारी कागदातला तो एक शब्द मात्र
दर वेळी जिभेला थंडगार लागायचा.
नवव्या खेपेला मी तो टाळला. म्हटलं,
जाणाऱ्याच्या अंगावर पांघरूण घालणं.
साहेबांनी चष्मा काढला. पुसला. पुसतच राहिले.
डॉक्टरांनी हळूच विचारलं, काय म्हणालीस?
म्हटलं, तुमचंच.

तीनाचे दहा दिवस झाले.
एका आकड्याशेजारी एक शून्य, खाली सही.
गोळ्यांचं अजून विचाराधीन.
बाहेर येऊन डॉक्टर रेडिएटरला पाठ लावून
कितीतरी वेळ नुसत्या उभ्या होत्या.
मला पोचवण्यासारखं काही नव्हतं.

पण हे सगळं नंतरचं.
टोक्तोसून पहिल्याच वसंतात गेला.
चौथ्या दिवशी सयरा आली दवाखान्यात,
तोच रुमाल. टेबलावर गाठ सोडली.
आठ कुप्या. सात रिकाम्या.
एक भरलेली.

ही लागली नाही, म्हणाली.
दुसऱ्या खिंडीतच उतरला घोड्यावरून.

चिनारानं वही उघडली.
रिकाम्या. फुटलेल्या. हरवलेल्या.
बोट रकान्यांवरून एकदा गेलं, परत आलं.
भरलेलीचा रकाना छापलाच नव्हता कुणी.
काय म्हणतायत त्या? डॉक्टरांनी विचारलं.
मी तोंड उघडलं
आणि पहिल्यांदाच मला दोन्ही भाषा सापडेनात.

चिनारा समासात पेन टेकवून थांबलेली.
बाहेर दुधाची गाडी हॉर्न देत होती.
सयरा रुमाल झटकून घडी घालत होती.
तिला निघायचं होतं,
मेंढ्या व्यायच्या होत्या.