बोर्ड

'निघालोच, पाच मिनिटं' म्हणत
जिनपाल एजंट दीड तासानं आला,
चाव्यांचा जुडगा खुळखुळवत.
चार चाव्या लागल्या नाहीत. पाचवी लागली,
तीही दाराला खांदा दिल्यावर.

'मॅडम, आयर्विन पूल इथनं चालत.
सांगलीत या भावात टू बीएचके? दाखवा मला.'
मालकाचं नाव? 'आपलेच आहेत ओ.'
इंडेक्स टू? 'हुईल की.'
त्याचे दोन टक्के तेवढे तोंडपाठ.

मी भिंती बघत राहिले.
गळ्यापर्यंत रंग नवा, वर जुना.
आणि प्लगचे सगळे बोर्ड माझ्या डोक्यावर,
फ्रिजचा, मिक्सरचा, मोबाइलचासुद्धा.
इस्त्री करायची तर स्टुलावर चढून.

'पाणी किती आलं होतं?'
'इथं? इथं कुठलं! ते पलीकडच्या गल्लीत.'
तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो जिन्याकडं गेला,
कुणाला तरी सांगत: निघालोच, पाच मिनिटं.

शेजारच्या बाई धुणं वाळत घालत होत्या.
बोलल्या काहीच नाहीत.
ओला टॉवेल दोरीवर टाकला
आणि रिकामा हात आडवा धरला गळ्यापाशी,
पोरगं केवढं झालंय
ते दाखवतात तसा.

रात्री मेसेज: फायनल ना?
टोकन आणा उद्या, दुसरी पार्टी थांबलीय.

वाचला तेव्हा मी भाड्याच्या खोलीत
वाकून चार्जर लावत होते,
फरशीपासून
वीतभर वर.