शेजारची खुर्ची

टोलेडो, म्युनिसिपल कोर्ट, तिसरा मजला.
जानेवारी. खिडकीच्या काचेवर आतूनच बर्फ.

तू उभी राहिलीस, नोरीन,
आणि ब्लेझरच्या बाहीआड टाचलेली
दुकानाची चिठ्ठी मला दिसली.
(सोमवारी परत करायचा असेल.)
आत सारावी म्हणून हात पुढे केला,
मग मागे घेतला.
माझं काम शेजारी बसण्याचं.
नियमच आहे तसा: विद्यार्थिनी बोलेल,
सनद असलेली बाई गप्प बसेल,
घर पेटलं तरच उठेल.

तीन आठवडे तू ही केस
उशाशी घेऊन झोपलीस.
आरोपी लीरॉय पेटिग्रू, वय एकसष्ट.
लॅग्रेंज रस्त्यावर, नाणी टाकून कपडे धुण्याच्या दुकानात
रात्री अडीच वाजता बेकायदा प्रवेश.
जामीन तीनशे डॉलर. तेवढे कुठले असणार?
तू दोनदा जाऊन आलीस तिथं, शेवटच्या बसनं.
'फक्त गिऱ्हाइकांसाठी' ही पाटी
फूटपट्टीनं मोजून आणलीस,
कारण तुरुंगातल्या काचेपलीकडून तो म्हणाला होता,
"मी गिऱ्हाईकच होतो, पोरी.
कोट वाळत टाकला होता.
पंचवीस सेंटांत सात मिनिटं ऊब."

पोलिसासाठी एकोणीस प्रश्न काढलेस.
चौदावा असा:
'कोट ओला असताना माणसानं
कुठं थांबावं, असं आपलं म्हणणं आहे?'
मी म्हटलं, खोड.
उत्तर माहीत नसलेला प्रश्न
कोर्टात विचारत नाहीत.
तू खोडला नाहीस.

आणि आज पोलीस आलाच नाही.

सरकारी वकील फाइलीतून मान न काढता
दोन वाक्यं बोलला.
न्यायाधीशबाई एक.
चाळीस सेकंद, फार तर.
खटला रद्द. पुढचा.

तू उभीच.
हातात एकोणीस प्रश्न,
लग्न मोडल्यावर उरलेल्या पत्रिकांसारखे.

पेटिग्रूनं तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"जिंकलो का आपण?"
"हो," म्हणालीस,
काहीतरी हरवलेल्या माणसाच्या आवाजात.
"मग माझा कोट?"

कोट तळघरात, पुराव्यांच्या खोलीत.
शुक्रवारी ती खोली बाराला बंद होते.
बारा वाजून दहा मिनिटं झालेली.
बाहेर उणे चौदा.

हे कुठल्याच पुस्तकात नाही.
मला ठाऊक आहे, ती पुस्तकं मीच शिकवते.

तू पळालीस.
शहाण्यानं चढू नयेत म्हणतात त्या पायऱ्या
दोन-दोन करत उतरलीस
आणि बंद खिडकीवर टकटक करत राहिलीस.
आतला माणूस जेवत होता.
मी वरच्या पायरीवर, सनद पर्समध्ये,
ऐकत होते:
तू त्याला चौदावा प्रश्न विचारत होतीस,
शब्द जरा बदलून.

त्यानं काटा खाली ठेवला.
माझ्या शेजारी पेटिग्रू, पातळ शर्टात,
खांद्यावर तुझा ब्लेझर,
चिठ्ठी तशीच लोंबती.