मागचं दार

आत्या गेली मार्चमध्ये,
व्हरमाँटच्या शेतांत बर्फ अजून तसंच होतं.
पाटी मी उतरवली: डॉ. मेहिटाबेल ऑर्कट.
'डॉ.'वरचा सोनेरी रंग
कुणीतरी कधीकाळी चाकूने खरवडलेला.
तिने तो पुन्हा भरला नव्हता.

राहिली वही, आणि राहिली घोडी.

वहीत: टायलरांची थोरली. पायाळू मूल. दोघं सुखरूप.
जमा: मेपलची साखर, चार पौंड.
गिरणीतला पोरगा, तीन बोटं. दोन वाचली.
जमा: नाही.
घटसर्प. घटसर्प. घटसर्प.
त्या आठवड्यात जमेच्या रकान्यात
नुसता शाईचा थेंब, पसरलेला.
एका पानावर रुग्ण: स्वतः.
उजवा अंगठा. चार टाके, डाव्या हाताने.
फी एक डॉलर, येणे बाकी.
मी मोठ्याने हसले, रिकाम्या घरात.

आणि अधूनमधून, नाव नसलेल्या नोंदी:
'मा. दा., रात्री दोन.'
'मा. दा., मुलगी. आईचा ताप उतरेना.'
मला वाटलं, औषध असेल एखादं.

कॉलेजचं ती एकदाच बोलली होती.
ती वर्गात शिरली की
बाकाबाकांवरून मुलं बूट आपटायची.
"तालात नव्हते गं,"
एवढीच तिची तक्रार.

एप्रिलात जुनिपरला विकायला नेलं.
लगाम जरा सैल सोडला,
तर ती आपली आपण थांबू लागली:
टायलरांच्या फाटकाशी,
गिरणीशी,
एका पडक्या खोपटाशी, जिथे आता कुणीच राहत नाही.
थांबायची तेवढंच
जेवढ्यात एक बाई पिशवी घेऊन उतरेल.

मग चर्चला वळसा घालून
ती शिरली रेव्हरंड क्रोल यांच्या कुंपणामागे.
हेच क्रोल. तीन रविवार लागोपाठ
व्यासपीठावरून आत्याचं नाव न घेता
आत्याबद्दल बोलले होते.
पानं न फुटलेल्या लिलॅकमधून वाट काढत
घोडी सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी
जाऊन उभी राहिली.

मा. दा.

दार उघडलं. दहा-बारा वर्षांची मुलगी,
कोपरापर्यंत पीठ.
माझ्याकडे तिने पाहिलंही नाही,
जुनिपरला नावाने हाक मारली.
आतून बाईमाणसाचा आवाज: कोण आहे गं?
"कुणी नाही," मुलगी म्हणाली,
आणि तळघरातून
एखादं सुरकुतलेलं सफरचंद आणायला आत गेली.

घोडी तोवर थांबली.
तिला सवय होती.