सोळा हात

सातवे कलम मला तोंडपाठ होते.
उभय सरकारांची रयत, देवघेवीचा कज्जा,
दोहोंकडून दोन दोन पंच
आणि पाचवा रेसिडेंट साहेबांच्या मर्जीने.
मर्जी हा शब्द मी घातला.
मुळात तिथे जे होते
ते अजून मराठीत बसलेले नाही.

वादी अराकेल, जुल्फ्याचा आर्मेनी,
कलकत्त्याहून आलेला. इंग्रज नव्हे,
पण परवान्यावर इंग्रजी मोहोर होती
आणि सीताबर्डीच्या उन्हात
मोहोरेचीही सावली पडते.

प्रतिवादी पुतळी हेडाऊ, कोष्टीण, राहणार इतवारी.
करार तिच्या बापाचा:
दोनशे धोतरे, रेशीमकाठी, दर नग सोळा हात.
बापाचे नाव लहानू.
उभा राहिला तर बोटे गुडघ्याला लागत, असे शेजारी सांगत.
एकशे चाळीस नग देऊन तो चैत्रात पटकीने गेला.
धोटा अर्ध्या वाटेत होता.
बाकीचे साठ पोरीने विणले.

आधीचे नग हातानेच मोजून घेतले होते.
या साठांना अराकेलने लोखंडी गज लावला.
हातामागे दीड बोट कमी.
पंचांतल्या वाण्याने डोळे मिटून दिडकी म्हटली:
सोळा दिडे चोवीस.
चोवीस बोटांचा एक हात.
म्हणजे प्रत्येक धोतरातून
एक अख्खा हात नाहीसा झाला होता.

"पोरीने स्वतःच्या हाताने मोजले असेल."
"बापाच्याच हाताने मोजले," ती म्हणाली.
मी थांबलो. हे इंग्रजीत कसे सांगावे?
मेलेल्याच्या हाताने?
तेव्हा तिने डोक्यावरून तूर आणवली,
मागाची, जिच्यावर कापड गुंडाळतात ती.
शिसवी लाकूड, तेलकट,
त्यावर दोन खाचा.
कोपर इथे, मधले बोट इथे.

साठही नग त्या खाचांवर टाकले.
सोळा. सोळा. सोळा.
दुपार झाली, भिस्ती दोनदा येऊन गेला,
तरी सोळाच.
मग आधीचे एकशे चाळीस?
ते मिर्झापूरच्या वाटेवर बैलांच्या पाठीवर.
त्यांची साक्ष कोण काढणार!

पंच पान खायला उठले तेव्हा
अराकेलने आपले कोपर हळूच पहिल्या खाचेत ठेवले.
बोट दुसरीपर्यंत पोचले नाही.
त्याने अस्तनी खाली ओढली.
मी पाहिले. मला कुणी विचारले नाही.

दोन पंच इकडे, दोन तिकडे.
पाचवा म्हणाला, खाचेवर सरकारी शिक्का नाही,
गजावर आहे.
पोरसवदा बाई म्हणून दया:
निम्मी तूट तिने सोसावी, निम्मी सौदागराने.
"तहात हात कुणाचा लिहिलाय?" तिने मला विचारले.
मी भाषांतर केले. साहेब हसले,
म्हणाले, तहात असले बारीक काही नसते.
रात्री निवाड्याची मोडी नक्कल करताना
'तहात' लिहिले
आणि शेवटची दोन अक्षरे बघत बसलो
शाई वाळेपर्यंत.
खाली सही: त्र्यंबक बापू, दुभाषी.

तूर मुद्देमालात जमा झाली.
गोऱ्या कारकुनाने आपली शब्दांची वही चाळली,
त्याला एकच तूर सापडली.
त्याने नोंदले: डाळ, नग एक.
नग कसा, हे त्याच्या मनात आले नसावे.
मी ती नोंद वाचली होती.
दिवस निवाड्याचा होता, मान दुखत होती,
उद्या सांगू म्हटले.

आषाढात पुतळी तूर परत मागायला आली.
माग तसाच पडला होता, म्हणाली.
कोठीवाल्याने नोंद पाहिली,
मापाकडे हात नेला
आणि पायलीभर तूर मोजू लागला.
मी पुढे व्हायला हवे होते.
ती भांडली नाही. पदर पसरला.
फक्त विचारले,
"ही पायली कुणाची?"