फुटाला एक सूत

उस्ताद दावलसाबांनी पहिल्या दिवशी हातात दिली
ती पट्टी खोटी होती.
बाजारच्या पट्टीशेजारी ठेवून दाखवली:
फुटाला एक सूत जास्त.
"बीड थंड होताना अंग चोरतं, भरमा.
लाकडाचा पॅटर्न तेवढा मोठा करायचा,
मग ओतीव माल मापात उतरतो."
ॲल्युमिनियमची पट्टी वेगळी, पितळेची वेगळी.
मी एकोणीसचा, कंग्राळीहून सायकल मारत
उद्यमबागेत यायचो
आणि मला एवढंच हवं होतं
की उस्तादांनी पॅटर्न उलटासुलटा करून बघावा
आणि एकदा "जमलं" म्हणावं.

ते म्हणाले नाहीत.
सात वर्षांनी एका शनिवारी
स्वतःच्या कानावरचा पेन्सिलीचा तुकडा काढून
माझ्या कानावर खोचला
आणि चहाला गेले.

पण तोवर माझी पट्टी बदलली होती.
मला शेड हवी होती, शटर,
पुण्याच्या पार्टीचे फोन.
झालं तेही.
पाटीवर कन्नड मोठं, मराठी बारीक,
नियमच तसा. तेव्हा फार लागलं होतं मनाला.
आता पाटीच नाही.
जत्रेत कुणीतरी ओळख करून दिली, "हे कारखानदार,"
मी दुरुस्त केलं नाही.
चार माणसं कामाला, पाचवा मी.

पुढं पुढं तर स्वतःला मोजणंच सोडलं.
पोराला मोजत राहिलो.
त्याचा बेंगळुरातला महिना
माझ्या आख्ख्या वर्षाला भारी पडला,
मी गल्लीत पेढे वाटले
आणि त्या रात्री झोप आली नाही.
का, ते अजून नीट सांगता येत नाही.

मग पॅटर्न संगणकावर निघायला लागले.
शेड भाड्यानं दिली, कुरियरवाल्याला.

परवा सुगंधा म्हणाली, "गुडघे दुखालेत,
एक स्टूल करा,
काम झालं की कडप्प्याखाली सरकेल असं."
सागवानाचे तुकडे होतेच घरात.
जागा मोजली टेपनं,
लाकूड आखलं हाताला आली त्या पट्टीनं.
दोन फूट उंची.
फुटाला एक सूत. हिशेब करा.

आत जाईना.

लाकूड थंड होत नाही, अंग चोरत नाही,
कापाल तेवढंच राहतं.
चाळीस वर्षं हे माहीत असून
हात चुकला, की हातानं आपलं तेच केलं,
कोण जाणे.
"पाय कापतो," म्हटलं, करवत काढली.
ती बसलीसुद्धा होती तोवर,
मांडीवर परात, गवारीच्या शेंगा मोडत.
म्हणाली, "साकु. राहू दे."

तेव्हापासून ते मध्येच उभं असतं,
येता-जाता नडगीला लागतं.
संध्याकाळी ती पाय मोकळे करायला गेली
की मी बसतो त्याच्यावर, शिट्ट्या मोजत.
तिसरी झाली
की गॅस बंद करायचा.